सातपुड्यातल्या वणव्याचा धोका आधी कसा ओळखायचा: आकडेवारी आणि फझी तर्काने नकाशा बनवण्याची पद्धत

होळी झाली की बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने रात्री प्रवास करून बघा. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा असं एकेक गाव मागे पडतं आणि उजव्या हाताला सातपुडा सोबत असतो. एखाद्या रात्री त्या काळ्या डोंगरावर लाल माळ घातल्यासारखी रेघ दिसते. लांबून ती सुंदर दिसते. तिथे मात्र अंजनाची आणि सागाची त्या पावसाळ्यात उगवलेली रोपं जळत असतात, जमिनीवरची अंडी जळत असतात, पहिल्या पावसात माती धरून ठेवणारा पालापाचोळा जळत असतो.

आग लागल्यावर कळवणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना नोंदणी केलेल्याच्या मोबाईलवर पाठवते. नोंदणी कुणालाही करता येते, आणि ती कराच. पण ही सूचना आग लागल्यानंतरची असते. वनपरिक्षेत्रात हंगामी मजूर मोजके आणि डोंगर अफाट असतो. म्हणून खरा प्रश्न आदल्या संध्याकाळचा आहे: उद्या दुपारी माणसं कोणत्या नियतक्षेत्रात (एका वनरक्षकाकडे असलेल्या जंगलाच्या तुकड्यात) उभी करायची? त्याचं उत्तर देणारा नकाशा भूगोलाचा किंवा संख्याशास्त्राचा विद्यार्थी, एखादी वन व्यवस्थापन समिती किंवा हौशी माणूससुद्धा साध्या लॅपटॉपवर बनवू शकतो. मी तो बनवला, चुकलो, पुन्हा बनवला. त्यातून हाती आलेली पद्धत इथे क्रमाने सांगतो.

आधी जंगल ओळखा

वणव्याच्या धोक्याची गणितं जगभर तयार आहेत आणि त्यातली काही उष्णकटिबंधीय सदाहरित वर्षावनांसाठी लिहिलेली आहेत. ती जशीच्या तशी उचलून यावल अभयारण्याला लावली तर फसगत होते, कारण वर्षावनाचा स्वभावच वेगळा.

ॲमेझॉनसारख्या वर्षावनात वर पानांचं छत दाट, खाली सावली आणि ओल. काडी टाकली तरी ती बहुधा विझते. असं जंगल पेटायला दीर्घ अवर्षण लागतं. तिथलं जंगल महिन्याला साधारण १०० मिलिमीटर पाणी हवेत सोडतं, असं धरतात. म्हणून ज्या महिन्यात पाऊस १०० मिलिमीटरच्या खाली जातो तो कोरडा महिना, आणि अशा महिन्यांची तूट बेरीज करत नेली की जंगल किती तहानलेलं आहे ते कळतं. ॲमेझॉनमध्ये २००५, २०१० आणि २०१५-१६ साली मोठी अवर्षणं पडली. इंडोनेशियात १९९७-९८ आणि २०१५ या एल निनोच्या वर्षांत जंगल आणि खालची दलदलीची वनस्पतिजन्य माती, दोन्ही जळत राहिली. म्हणजे वर्षावनात ‘केव्हा’ हा प्रश्न मोठा.

आता हेच तुटीचं गणित खानदेशात करून बघा. ऑक्टोबर उजाडला की पाऊस परततो आणि पुढचे सगळे महिने १०० मिलिमीटरच्या खालीच जातात. हे दरवर्षीचं आहे. मार्चपर्यंत तूट इतकी वाढलेली असते की या वर्षीचा आणि गेल्या वर्षीचा आकडा यांत फारसा फरकच उरत नाही. जो आकडा दरवर्षी सारखा येतो, तो अंदाजाला काय मदत करणार? आपलं जंगल शुष्क पानझडी आहे: साग, सालई, अंजन, धावडा, पळस, मोह, टेंभुर्णी. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गळतात, छत उघडं पडतं, ऊन थेट जमिनीवर येतं आणि पाचोळा कडकडीत होतो. जळायला ते दरवर्षी तयारच असतं. फक्त काडी कुठे पडते एवढाच प्रश्न.

आणखी एक उलटी गोष्ट. वर्षावनात पाऊस जास्त तर आग कमी. आपल्याकडे गेल्या पावसाळ्यात पाऊस चांगला झाला तर कुसळी, रोशा वगैरे गवत कमरेइतकं वाढतं आणि उन्हाळ्यात तेच सरपण होतं. रोशा गवताचं तर तेल काढतात. खानदेशातलं रोशाचं तेल पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. म्हणून गणितात गेल्या पावसाळ्याचा पाऊस धोका वाढवणारा आणि मार्चमधला अवकाळी पाऊस धोका कमी करणारा, असे दोन वेगळे घटक ठेवा. दोघांना एकाच ‘पाऊस’ रकान्यात टाकलं तर ते एकमेकांना खाऊन टाकतात.

यावरून कामाची विभागणी ठरते. ‘कुठे’ या प्रश्नासाठी आकडेवारीचं मॉडेल, कारण जुन्या आगींच्या नोंदी हाताशी आहेत. ‘केव्हा’ या प्रश्नासाठी फझी मॉडेल, म्हणजे ‘जरा’, ‘बऱ्यापैकी’ अशा मोघम शब्दांना आकडा देणारं, कारण तिथे नोंदी तुटपुंज्या आणि माणसांचं ज्ञान भरपूर आहे.

जुने वणवे गोळा करणं आणि निवडणं

नासाच्या ‘फर्म्स’ या संकेतस्थळावर उपग्रहांनी टिपलेल्या आगींच्या नोंदी फुकट मिळतात. मोडिस हे उपकरण टेरा (१९९९) आणि ॲक्वा (२००२) या उपग्रहांवर आहे, त्याचा एक ठिपका साधारण १ किलोमीटरचा. विर्स हे उपकरण सुओमी एनपीपी (२०११) आणि त्यानंतरच्या उपग्रहांवर आहे, त्याचा ठिपका ३७५ मीटरचा. आपल्या कामाला विर्स घ्या. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांचा चौकोन काढा आणि १५ फेब्रुवारी ते १५ जून या वणव्याच्या हंगामातल्या दहा वर्षांच्या नोंदी उतरवून घ्या.

या नोंदी जशा येतात तशा वापरू नका. उपग्रहाला उष्णता दिसते, ती कशाची हे कळत नाही. भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र आहे, वीटभट्ट्या आहेत. शेतात पऱ्हाटी जाळतात, शहाद्याकडे उसाचं पाचट जाळतात, गहू निघाला की काड पेटवतात. जुन्या नोंदींच्या तक्त्यात ‘प्रकार’ नावाचा रकाना असतो. त्यात ० म्हणजे वनस्पतीची आग आणि २ म्हणजे जमिनीवरचा कायमचा उष्ण स्रोत. २ वाले काढून टाका. मग वनहद्दीचा नकाशा वर ठेवा आणि हद्दीबाहेरचे ठिपके वेगळे करा. वेगळे करा म्हणतो, फेकून देऊ नका. जंगलाच्या कडेपासून पाचशे मीटरच्या आत पेटलेलं शेत हे पुढे धोक्याचं कारण म्हणून उपयोगी पडतं.

विश्वासार्हतेचा रकानाही असतो: कमी, साधारण, जास्त. कमी असलेले ठिपके वगळा.

त्यानंतरचं काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर पुढचं सगळं वाया. एकच वणवा तीन दिवस जळला तर त्याचे वीस-पंचवीस ठिपके पडतात. त्यांना वीस वणवे धरलं तर मॉडेल त्या एका डोंगराच्या प्रेमात पडतं. १ किलोमीटर आणि ३ दिवस यांच्या आत येणारे ठिपके एका घटनेत बांधा आणि सगळ्यात आधीचा ठिपका पेटण्याची जागा म्हणून घ्या.

उपग्रहाच्या डोळ्यांची मर्यादाही लक्षात असू द्या. विर्स आपल्यावरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातो. चार वाजता पेटून रात्री नऊला विझलेली गवताची आग त्याला दिसतच नाही. म्हणून वनपालाच्या नोंदवहीतल्या आगी मिळत असतील तर त्या जरूर जोडा. जळालेल्या भागाचे काळे डाग सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या छायाचित्रांतही शोधता येतात, पण आधीचं आणि नंतरचं छायाचित्र यांत दहा दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. साग मार्चमध्ये पानं टाकतो आणि मोठ्या अंतराच्या दोन छायाचित्रांत पानगळसुद्धा जळाल्यासारखी दिसते.

न पेटलेल्या जागा

आकडेवारीच्या मॉडेलला पेटलेल्या जागा दाखवल्या तशा न पेटलेल्याही दाखवाव्या लागतात. पहिल्या वेळी मी जिल्ह्याच्या नकाशावर कुठेही ठिपके सांडले. त्यात रावेरच्या केळीच्या बागा आल्या, तापीचं पात्र आलं, गावठाण आलं. मॉडेलला भरघोस गुण मिळाले. मी खूश होतो. मग नकाशा नीट पाहिला तर त्याने एवढंच सांगितलं होतं की जंगलात जंगल जळतं आणि केळी जळत नाही. वनरक्षकाला ते माझ्याशिवायही ठाऊक होतं.

न पेटलेले ठिपके फक्त वनहद्दीतून घ्या, कोणत्याही नोंदलेल्या आगीपासून निदान १ किलोमीटर दूरचे, आणि पेटलेल्यांइतकेच किंवा दुप्पट. तेव्हा मॉडेलला खरा अभ्यास करावा लागतो: एकाच जंगलात हा उतार जळतो आणि शेजारचा जळत नाही, ते का?

कारणांचे थर

वनक्षेत्रावर ५०० मीटरच्या चौकोनांची जाळी टाका. क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. प्रत्येक चौकोनात खालच्या गोष्टी भरायच्या.

उतार आणि उताराचं तोंड एसआरटीएम या अवकाशयानातून रडारने केलेल्या मोजणीच्या, ३० मीटरचा एक ठिपका असलेल्या उंचीच्या नकाशावरून निघतं. आग चढावर धावते. उतार १० अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो असा जंगल आगीच्या अभ्यासातला जुना ठोकताळा आहे. आणि दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेले उतार दुपारचं ऊन झेलून लवकर वाळतात. सातपुडा खानदेशाकडे जो कडा दाखवतो तो दक्षिणेकडे तोंड केलेलाच आहे, त्यामुळे हा थर आपल्याकडे विशेष बोलतो.

वनस्पतीचा थर सेंटिनेल-२ वरून घ्या. हिरवेपणाचा निर्देशांक जानेवारीचा घ्या, एप्रिलचा नको. एप्रिलमध्ये सगळंच पिवळं असतं, फरक कळत नाही. जानेवारीत गवत वाळलेलं आणि साग अजून पानात असतो, त्यामुळे मोकळं गवताळ जंगल आणि दाट जंगल वेगळं ओळखू येतं.

रस्ता, पायवाट, पाडा आणि शेताची कड यांच्यापासूनचं अंतर मोजा. आपल्याकडच्या आगी जवळजवळ सगळ्या माणसाच्या हातून लागतात, कधी मुद्दाम, बऱ्याचदा अनवधानाने. म्हणून हे अंतराचे थर उंची-उताराइतकेच महत्त्वाचे आहेत.

आणि मोह.

मोहाचा नकाशा कुठल्याही संकेतस्थळावर मिळत नाही, आणि माझ्या मते सातपुड्यात सगळ्यात मोलाचा थर तोच आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं टपटप गळतात. रसरशीत, फिकट पिवळसर, बोटाच्या पेराएवढी फुलं. खाली पाचोळा असेल तर ती त्यात हरवतात. म्हणून फुलं पडायच्या आधी झाडाखालची जागा साफ करतात, आणि साफ करण्याचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे काडी लावणं. वेचणाऱ्या बाईला फक्त झाडाखालचं एवढंसं वर्तुळ जाळायचं असतं. ती राखही पायाने विझवते. पण दुपारी वारा सुटतो आणि एक निखारा शेजारच्या कुसळीत जातो. तेंदूपत्त्याचंही तसंच: नवी कोवळी पानं जोमाने फुटावीत म्हणून टेंभुर्णीच्या झुडपांखाली आग लावण्याची रीत कित्येक ठिकाणी आहे.

हा थर मिळवायचा तर पाड्यावर जाऊन बसावं लागतं. पावरा, भिल, तडवी कुटुंबांना आपल्या वाटणीचा मोह नेमका कुठे आहे ते माहीत असतं. झाडं पिढ्यान्‌पिढ्या वाटून घेतलेली असतात. एक मोठा कागद अंथरा, नदी आणि पाडा काढून द्या, मग बाकीचं ते स्वतः काढतात. नंतर दोन-चार जाणत्यांबरोबर चालत जाऊन मोहाच्या गटांची जागा मोबाईलवर नोंदवा. एका पाड्यावर एका आजोबांनी कागद फिरवून माझ्यासमोर धरला आणि ओढ्याच्या अलीकडची झाडं नंतर फुलतात, म्हणून तिकडची आग आठ दिवस उशिरा लागते, असं सांगितलं. ‘कुठे’ विचारायला गेलो होतो, ‘केव्हा’चंही उत्तर मिळालं.

या नकाशावर कुणाचंही नाव लिहू नका. कुणाचा मोह कुठे, हे कागदावर आलं की आग लागल्यावर बोट तिकडे जातं. राखीव जंगलात आग लावणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. आपला नकाशा आरोपपत्र बनला तर पुढच्या वर्षी त्या पाड्यावर कुणी तोंड उघडणार नाही, आणि ते बरोबरच असेल. चौकोनात ‘मोहाची झाडं: नाहीत, थोडी, बरीच’ एवढंच ठेवा.

पहिलं मॉडेल: लॉजिस्टिक रिग्रेशन

यापेक्षा चकचकीत पद्धती आहेत. लिओ ब्रायमन यांनी २००१ मध्ये मांडलेलं रँडम फॉरेस्ट बऱ्याचदा जास्त अचूक ठरतं. तरी सुरुवात लॉजिस्टिक रिग्रेशनने, म्हणजे प्रत्येक कारणाला वजन देऊन ० ते १ मधला धोका काढणाऱ्या पद्धतीने करा, कारण त्यातला प्रत्येक आकडा वनपालाला समजावून सांगता येतो. ज्या नकाशामागचं कारण सांगता येत नाही, त्याच्यावर विसंबून कुणी माणसं हलवत नाही.

आधी थर एकमेकांचीच नक्कल करत नाहीत ना ते तपासा. रस्त्यापासूनचं अंतर आणि पाड्यापासूनचं अंतर बहुतेक वेळा बरोबरच चालतात. दोन्ही ठेवले तर दोघांचेही आकडे विचित्र येतात, कधी चिन्हच उलटं होतं. त्यातला एक काढा.

मॉडेल चालवल्यावर असं समीकरण मिळतं. खालचे आकडे निव्वळ समजण्यासाठी घेतले आहेत, तुमचे वेगळे येतील.

झेड = −१.२ + ०.०४ × उतार (अंश) − ०.६ × रस्त्यापासून अंतर (किमी) + ०.९ × दक्षिणेला किंवा पश्चिमेला तोंड (असल्यास १, नसल्यास ०)

एक चौकोन घ्या: उतार २० अंश, रस्ता अर्ध्या किलोमीटरवर, तोंड दक्षिणेला. झेड = −१.२ + ०.८ − ०.३ + ०.९ = ०.२. मग धोका = १ ÷ (१ + ई^(−झेड)), म्हणजे सुमारे ०.५५. दुसरा चौकोन: उतार ५ अंश, रस्ता ३ किलोमीटर दूर, तोंड उत्तरेला. झेड = −१.२ + ०.२ − १.८ = −२.८, धोका सुमारे ०.०६. दोन्ही चौकोन एकाच जंगलातले, पण धोक्यात नऊ पटींचा फरक.

०.५५ म्हणजे ‘या चौकोनात आग लागण्याची शक्यता ५५ टक्के’ असं मात्र वाचू नका. आपण पेटलेले आणि न पेटलेले ठिपके हाताने सारखे घेतले होते. प्रत्यक्षात न पेटलेलेच कितीतरी जास्त असतात. हा आकडा फक्त तुलनेचा आहे. म्हणून सगळे चौकोन धोक्याच्या क्रमाने लावा आणि प्रत्येकाला त्या क्रमातलं स्थान ० ते १ मध्ये द्या. इथून पुढे हेच स्थान वापरायचं.

दुसरं मॉडेल: फझी तर्क

बाकूमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्थिरावलेले गणिती लोटफी झादे यांनी १९६५ साली फझी संचांची कल्पना मांडली. ती आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. ‘हवा जरा कोरडी आहे’, ‘वारा बऱ्यापैकी आहे’ असंच आपण बोलतो. ३० टक्के आर्द्रतेला कोरडी म्हणायचं आणि ३१ ला ओली, असं कुणी करत नाही. फझी तर्क त्या ‘जरा’ला आणि ‘बऱ्यापैकी’ला आकडा देतो.

रोजच्या धोक्यासाठी चार गोष्टी पुरतात. आर्द्रता आणि वारा हवामान खात्याच्या दुसऱ्या दिवसाच्या अंदाजातून घ्या. दुपारी तीनचे आकडे घ्यायचे. दिवसाची सरासरी घेतली तर पहाटेचा गारवा दुपारचा धोका झाकून टाकतो.

आर्द्रता २० टक्के किंवा खाली असेल तर हवा पूर्ण ‘कोरडी’ (१), ४० ला अजिबात नाही (०), मध्ये सरळ उतार. वारा ताशी ८ किलोमीटरला ‘जोराचा’ नाही (०), २४ ला पूर्ण (१). शेवटच्या पावसाला ५ दिवस झाले तर ओढ ‘लांबलेली’ नाही (०), २५ दिवसांना पूर्ण (१). ‘वर्दळ’ ही चौथी गोष्ट पाड्यावरच्या माणसांना विचारून ठरवा: मोहाचा भर, तेंदूपत्ता, होळी, यात्रा, लग्नसराईतली जंगलवाट. आठवड्याचा एक आकडा, ० ते १.

आता नियम. तीनच लिहितो, तुम्ही दहा-बारा करा. ‘आणि’ असेल तिथे सगळ्यांत लहान आकडा घ्यायचा, ‘किंवा’ असेल तिथे सगळ्यांत मोठा.

पहिला: हवा कोरडी आणि ओढ लांबलेली आणि वर्दळ जास्त, तर धोका जास्त (७०).
दुसरा: हवा कोरडी आणि ओढ लांबलेली आणि वारा जोराचा, तर धोका अतिजास्त (९५).
तिसरा: हवा दमट किंवा पाऊस नुकताच झालेला, तर धोका कमी (२०).

मार्च अखेरचा एक दिवस धरू. आर्द्रता २६ टक्के: कोरडी ०.७, म्हणून दमट ०.३. वारा १६: जोराचा ०.५. पावसाला २१ दिवस: लांबलेली ०.८, नुकताच ०.२. वर्दळ ०.९. पहिला नियम ०.७ ने लागू, दुसरा ०.५ ने, तिसरा ०.३ ने. तिन्हींची भारित सरासरी: (०.७×७० + ०.५×९५ + ०.३×२०) ÷ १.५ = १०२.५ ÷ १.५, म्हणजे सुमारे ६८.

तोच दिवस, पण आठवड्यापूर्वी अवकाळी सर येऊन गेलेली. पावसाला ७ दिवस, लांबलेली ०.१, नुकताच ०.९. पहिला नियम ०.१, दुसरा ०.१, तिसरा ०.९. उत्तर ३४.५ ÷ १.१, सुमारे ३१.

दुसऱ्या नियमात ‘ओढ लांबलेली’ घालायला मी सुरुवातीला विसरलो होतो. ते न घालता हाच हिशोब केला तर ३१ च्या जागी ४८ येतो. नकाशा केशरी झाला, सकाळी माणसं डोंगरावर गेली आणि पाचोळ्याचा वरचा थर उचलला तर खालची पानं हाताला ओलसर, एकमेकांना चिकटलेली. दिवस फुकट गेला. तेव्हापासून माझा एक नेम आहे: नियम लिहून झाले की ज्या दिवसाचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असे पाच दिवस मॉडेलला विचारायचे. सर पडलेला दिवस, होळीचा दिवस, ढगाळ दिवस, मे महिन्यातली ४५ अंशांची दुपार आणि डिसेंबरची एक थंड सकाळ. यातला एक जरी चुकला तरी नियमांकडे परत जायचं.

मर्यादा कुठून आणायच्या, २० टक्के का आणि ४० का, असा प्रश्न येतो. निम्मं उत्तर जुन्या आगींच्या दिवसांचं हवामान मांडून मिळतं, निम्मं आग विझवणाऱ्यांना विचारून. मुठीत पाचोळा चुरगाळला आणि त्याची पूड झाली तर हवा कोरडी, नुसता दुमडला तर नाही, ही परीक्षा हंगामी मजूर सहज करतात. महिनाभर दुपारी हीच परीक्षा करून शेजारी आर्द्रता लिहिली की मर्यादा आपोआप समोर येते.

दोन्ही जोडणं

चौकोनाचं ‘कुठे’चं स्थान आणि त्या दिवसाचा ‘केव्हा’चा आकडा (१०० ने भागून) यांचा गुणाकार करा आणि वर्गमूळ काढा. बेरीज नको. बेरजेत उत्तरेकडच्या थंड, दुर्गम नाल्यालासुद्धा निव्वळ तापलेल्या हवेमुळे मोठा आकडा मिळतो. स्थान ०.९ आणि दिवस ०.६८ असेल तर उत्तर सुमारे ०.७८, स्थान ०.२ असेल तर त्याच दिवशी ०.३७.

हवामानाचा अंदाज मोठ्या चौकोनाचा असतो हे विसरू नका. तोरणमाळच्या पठारावरची हवा आणि खाली शहाद्याची हवा एका दिवशी वेगळ्याच असतात. उंचीनुसार तापमान आणि आर्द्रता दुरुस्त करून घेतली नाही, तर पठार उगाच लाल दिसतं.

तपासणी

इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते, आणि ती आपणच आपली करतो. एका चौकोनावर मॉडेल शिकवून शेजारच्या चौकोनावर तपासलं तर ते पास होणारच, कारण शेजारी-शेजारी जंगल सारखंच असतं. म्हणून जागा तोडून तपासा: यावल आणि चोपड्याकडच्या जंगलावर शिकवा, अक्कलकुवा-धडगावच्या जंगलावर तपासा. मग वर्ष तोडून तपासा: नऊ वर्षं शिकवा, दहावं लपवून ठेवा. गुण खाली येतील. तेच खरे गुण.

आरओसी वक्राखालचं क्षेत्रफळ, म्हणजे मॉडेल पेटलेल्या आणि न पेटलेल्या जागा किती नीट वेगळ्या करतं ते सांगणारा आकडा, काढतात तसा काढा, ०.५ म्हणजे नाणं उडवल्यासारखं, १ म्हणजे अचूक. पण वनक्षेत्रपालाच्या टेबलावर तो आकडा ठेवू नका. त्याला दुसरं सांगा: नकाशातल्या सगळ्यात लाल २० टक्के क्षेत्रात लपवलेल्या वर्षाच्या किती आगी सापडल्या? शंभरातल्या वीसच सापडल्या तर नकाशा निरुपयोगी. साठ-सत्तर सापडल्या तर मोजक्या मजुरांना कुठे उभं करायचं ते ठरवता येतं. दुसरा हिशोब खोट्या हाकांचा ठेवा. दहा दिवस लागोपाठ लाल दाखवून काहीच पेटलं नाही, तर अकराव्या दिवशी कुणी जात नाही, आणि त्यात चूक त्या माणसांची नसते.

नकाशा हातात कसा द्यायचा

रंगीत चौकोनांचा नकाशा जंगलात कुणी बघत नाही. नियतक्षेत्राप्रमाणे बेरीज करा, कक्ष क्रमांक लिहा आणि एक छोटा तक्ता बनवा: नियतक्षेत्र, उद्याची पातळी, कारण. कारणाचा रकाना सोडू नका. ‘लाल: २३ दिवस पाऊस नाही, मोहाचा भर, दुपारी वारा’ असं वाचलं की वनरक्षकाला काय करायचं ते कळतं. तो पाणवठ्याकडे जाण्याऐवजी मोहाकडे जातो, तिथल्या बायकांशी बोलतो, झाडू आणि जुनी साडी किंवा जाळी अंथरून फुलं गोळा करायला सुचवतो. पातळी सायंकाळी सहापर्यंत गेली पाहिजे. डोंगरात मोबाईलला रेंज कुठे मिळते ते ठरलेलं असतं आणि माणसं त्या जागी ठरावीक वेळीच येतात.

तोच नकाशा जानेवारीत जाळरेषांसाठी, म्हणजे आग अडवायला गवत-पाचोळा काढून ठेवलेल्या पट्ट्यांसाठीही कामाला येतो. तेव्हा फझी भाग बाजूला ठेवा आणि नुसतं ‘कुठे’ बघा. पहिल्या वीस टक्क्यांतून जाणाऱ्या जाळरेषा आधी साफ करा, उरलेल्या नंतर. मोहाचा थर ज्या पाड्यांनी दिला त्यांच्या वन व्यवस्थापन समितीला हा छापील नकाशा द्या, त्यांच्याच भाषेतल्या ओढ्या-टेकड्यांच्या नावांसह.

हंगाम संपता संपता एक काम उरतं आणि त्याला मुदत असते. जूनच्या पहिल्या आठवड्यात, मोठा पाऊस पडायच्या आत, डोंगर फिरून काळे डाग बघून घ्या. उपग्रहाला न दिसलेल्या किती आगी लागल्या ते तेव्हाच कळतं. प्रत्येक डागाच्या खालच्या टोकाला जा, आग बहुतेक तिथूनच चढलेली असते. तिथे मोहाचं झाड आहे, पायवाट आहे की शेताचा बांध, ते लिहा. फोटो काढा, जागा नोंदवा. मृगाच्या दोन सरी पडल्या की राख ओढ्यात वाहून जाते, गवत उगवतं आणि कुठे काय जळलं होतं ते ओळखू येत नाही.